बिलातला नृसिंह

माझ्या डब्यातल्या थालीपिठाची कड मोडत सारंग म्हणाला, "ताई, घाबरू नका. विजेच्या मीटरसारखंच आहे हे. पंख्याखाली कुणी बसो न बसो, पंखा फिरला की मीटर फिरणार."

समोर त्याच्या लॅपटॉपवर बिल उघडलेलं होतं. पानंच्या पानं, आकडे डॉलरमधले आणि शब्द असे की मराठीत आणले तरी कळणार नाहीत. मी पदराला हात पुसून चष्मा लावला आणि म्हटलं, मग कुठला पंखा कुणाच्या खोलीतला हे कसं ओळखायचं? तो हसला. म्हणाला, बरोब्बर विचारलंत, तेच शिकवणार आहे.

कोल्हापूरला शाहूपुरीत, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमची 'धारोष्ण' कंपनी होती. गावोगावच्या दूध संस्थांत सकाळ-संध्याकाळ संकलन असतं. कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, ते तिथल्या तिथं नोंदवून शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवायचं, हे आमच्या सॉफ्टवेअरचं काम. मी हिशेब बघायची. पूर्वी ऑफिसच्या कोपऱ्यात आमचं स्वतःचं यंत्र घरघरत असायचं. मग भोईटेसाहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळा कारभार क्लाउडवर नेला. क्लाउड म्हणजे एका परदेशी कंपनीची यंत्रं, तासाच्या भाड्यानं घेतलेली. ती आपल्याला दिसत नाहीत, दिसतं ते फक्त महिन्याचं बिल.

ते बिल साहेबांनी माझ्याकडं दिलं. म्हणाले, "शरयूताई, तुमचा पूजेचा नेम कधी चुकत नाही. हेही तसंच रोज बघा."

त्यांनी सहज म्हटलं असेल. मी ते संकल्पासारखं धरलं. पहाटे स्नान, तुळशीला पाणी, विष्णुसहस्रनाम. आणि ऑफिसात आल्यावर दुसऱ्या कशाला हात लावायच्या आधी खर्चाचं पान उघडायचं. कालचा खर्च आज सकाळी दिसतो. कुठलं यंत्र किती चाललं, त्याची ओळ आणि शेजारी छोटा आलेख. हे सगळं मला सारंगनं शिकवलं. सारंग हुपरीकर. कंपनीतली सगळी यंत्रं त्याच्या हातात होती. वयानं धाकटा भाऊ शोभेल असा. मला सख्खा भाऊ नाही. भाऊबीजेला तो पाटावर बसायचा आणि मी ओवाळायची. त्याची मुलगी शर्वाणी तीन वर्षांची होऊनही बोलेना, तेव्हा मी आमच्या कुलदैवताला, नृसिंहाला, तिच्यासाठी शनिवार बोलले होते. "सारंगच्या मुलीला वाचा फुटू दे" असं म्हणून दर शनिवारी उपास करायची.

यंत्रांना नावं द्यायची कल्पनाही त्याचीच. प्रत्येक यंत्राला नावाची चिठ्ठी लावली की बिलात खर्च त्या नावावर पडतो, असं तो म्हणाला. लोणच्याच्या बरण्यांना मी चिठ्ठ्या लावते, तसंच. नावं काय द्यायची, तर साहेब म्हणाले ताईंना विचारा. मी आपली कोल्हापूरची देवस्थानं सांगितली. मुख्य नोंदींचं यंत्र अंबाबाई, तक्ते काढायचं जोतिबा, शेतकऱ्यांना संदेश पाठवायचं टेंबलाई. तपासणीसाठी तात्पुरती घेतलेली यंत्रं मात्र 'चाचणी' नावाची, कारण ती संध्याकाळी बंद करायची आणि देवाचं नाव दिलेलं बंद करणं मला बरं वाटेना. साहेब हसले, पण त्यातून ऑफिसचा नियमच झाला. देवाचं नाव असेल ते यंत्र चालूच राहायचं, त्याला कुणी हात लावायचा नाही.

एके दिवशी सारंग पेढ्यांचा पुडा घेऊन आला. शर्वाणी "बाबा" म्हणाली होती. माझ्या पाया पडून म्हणाला, ताई, तुमच्या देवानं ऐकलं. आज नवं यंत्र लावलंय, सगळ्या जुन्या नोंदींची जादा प्रत त्यात ठेवायची, आपत्काळात रक्षण करायला. त्याला नृसिंहाचं नाव दिलंय.

माझे डोळे भरून आले. पुडा उघडून पहिला पेढा मी त्यालाच भरवला.

"हे पेवासारखं आहे," तो बोटानं ती ओळ दाखवत म्हणाला. "धान्य आत जातं, गरजेशिवाय बाहेर येत नाही. नोंदी साठतील तसा खर्च थोडा थोडा चढत जाईल. तो वाढला तरी तुम्ही जीव घालू नका. ही ओळ सोडून बाकीचं बघत जा."

मी ती ओळ सोडून बाकीचं बघत गेले.

पुढच्या वर्षी बिल चढायला लागलं. आधी हळूहळू, मग असं की साहेबांनी ठरवलेली मर्यादा महिना संपायच्या आतच ओलांडली जायची आणि तसा इशारा त्यांच्या मोबाइलवर यायचा. दूध संस्था तर तेवढ्याच होत्या. आषाढ सरत आला तेव्हा साहेबांनी आम्हा तिघांना बोलावलं. मी, सारंग आणि प्रणाली लोहार. प्रणाली कागलकडची, कॉलेज संपवून थेट आमच्याकडं लागलेली, सारंगच्या हाताखाली. सारंग मान खाली घालून, जड जिवानं बोलल्यासारखा म्हणाला की तपासणीची यंत्रं वेळेवर बंद होत नसावीत, प्रणाली नवीन आहे, होतं असं. प्रणालीनं सांगितलं की ती रोज बंद करूनच घरी जाते. साहेबांनी दोघांचं ऐकलं आणि म्हणाले की या महिन्यात खर्च खाली आला नाही तर एक माणूस कमी करावा लागेल. कोण ते त्यांनी सांगितलं नाही, पण बघितलं ते प्रणालीकडं.

बाहेर जिन्यात ती माझ्याजवळ थांबली. तिच्या घरी स्थळं बघणं चालू होतं आणि नोकरी आहे म्हणून ती ते अडवून धरत होती. नोकरी गेली की दुसऱ्या दिवशी वडील मोटारसायकल घेऊन न्यायला येणार, एवढं ती बोलली. मी तिला म्हटलं, मी रोज बघतेच आहे, आता आणखी नीट बघते.

चातुर्मास लागला होता. दर चातुर्मासात मी नेहमीच्या नेमांखेरीज एक जादा नेम धरते. त्या वर्षी धरला होता की पाठीमागं कुणाबद्दल वावगं बोलायचं नाही. प्रणालीला हे सांगितल्यावर ती म्हणाली होती, "मग ताई, चार महिने ऑफिसात बोलणार तरी काय?"

श्रावणात दराच्या मागणीसाठी जिल्ह्यात दूध बंद झालं. एक दिवस सकाळ-संध्याकाळ कुठंच संकलन नाही. आमच्या एकूण एक संस्थांना टाळं. ऑफिसात फोनसुद्धा वाजला नाही, आम्ही दुपारी चहा पीत गप्पा मारत बसलो. सारंगनं त्या दिवशी रजा घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खर्चाचं पान उघडलं. मला वाटलं होतं की आज आकडा अगदी किरकोळ दिसेल, साहेबांना दाखवू, तेवढाच दिलासा. आकडा किरकोळ नव्हता. मी एकेक ओळ उघडत गेले. संकलनाच्या वेळी आमच्या यंत्रांवर भार येतो, मग ती आपोआप जास्त चालतात, आणि आलेखात सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे दोन उंचवटे दिसतात. त्या दिवशी अंबाबाईचा आलेख सारवलेल्या भुईसारखा सपाट. जोतिबा सपाट, टेंबलाई सपाट. प्रणालीची चाचणी-यंत्रं तर पूर्ण बंद. राहिली एकच ओळ, मी सोडून देत आले होते ती.

मी ती उघडली. सकाळी उंचवटा, संध्याकाळी उंचवटा.

माझंच काही चुकतंय असं वाटून मागचे दिवस उघडले. रोज तसेच दोन उंचवटे, महिन्यागणिक मोठे होत गेलेले. शेवटी मी प्रणालीला हाक मारली. ती खुर्चीमागं उभी राहून वाकून बघायला लागली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "हे पेव नाही. कुठंतरी दूध गोळा होतंय."

आपलं दूध तर बंद होतं, मी म्हटलं.

"आपलं बंद होतं."

ती म्हणाली की आत्ताच्या आत्ता साहेबांना सांगा. तिनं एकदा सारंगला विचारलंही होतं की त्या यंत्रात नक्की काय आहे, तर तो म्हणाला होता, ताईंचं कुलदैवत आहे, लांबून नमस्कार कर. ते ऑफिसात चेष्टेवारी गेलं होतं. मी तिला म्हटलं, थांब. सारंग इथं नाही, त्याच्यामागं मी त्याच्याबद्दल बोलणार नाही. नेम तर होताच. पण खरं सांगायचं तर मला अजून वाटत होतं की तो येईल, दोन वाक्यांत काहीतरी समजावून सांगेल आणि माझंच मला हसू येईल.

दुपारी तो नेहमीसारखा खुर्ची ओढून माझ्या डब्याजवळ बसला. शनिवार होता, डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. मी त्याच्या ताटलीत वाढली आणि विचारलं, "सारंग, काल दूध बंद होतं. मग नृसिंह जागा का होता रे?"

त्याचा घास थांबला नाही. त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं, अगदी प्रेमानं.

"तुम्हाला सांगणार नव्हतो, ताई. पोरीचं नुकसान नको म्हणून गप्प होतो. प्रणालीनं तिच्या चाचण्या त्यावर लावल्यात. मी तिला बोलतो. तुम्ही साहेबांना काही सांगू नका."

प्रणालीला त्या यंत्राची किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्यानं कधी दिलीच नव्हती; सकाळीच तिनं मला सांगितलं होतं. हे मला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. तो खिचडी संपवून, दाण्याचा कूट छान पडलाय म्हणून उठला. मी डबा तसाच झाकून ठेवला.

संध्याकाळी संकलनाची वेळ झाली तेव्हा मी साहेबांच्या खोलीत गेले आणि सारंग आणि प्रणाली दोघांनाही बोलवा म्हटलं. मला कुणाच्या पाठीमागं बोलायचं नव्हतं. सगळे बसल्यावर मी साहेबांना सांगितलं की आपल्या खर्चात सगळ्यात जास्त वाढलेलं यंत्र नृसिंह आहे. त्यात नुसत्या जुन्या नोंदी आहेत. तासभर बंद ठेवलं तर आपल्या एकाही संस्थेचं काही अडायला नको. तर बंद करून बघू या.

सारंग लगेच म्हणाला की असं मध्येच बंद केलं तर नोंदींना धोका असतो. प्रणाली म्हणाली, नसतो. साहेबांनी एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं. तेवढ्यात सारंग माझ्याकडं वळला. त्याच्या आवाजात चेष्टा होती, पण ओठ कोरडे पडले होते.

"ताई, तुम्ही? स्वतःच्या हातानं कुलदैवत बंद करणार? तेही शनिवारी?"

"माझं कुलदैवत देव्हाऱ्यात आहे, सारंग. हे भाड्याचं यंत्र आहे. बंद कर, प्रणाली."

साहेबांनी आपल्या किल्लीनं त्यांचा लॅपटॉप उघडून प्रणालीपुढं सरकवला. तिनं दोन ठिकाणी बोट टेकवलं आणि हात मांडीवर घेतले.

आम्ही बसून राहिलो. खाली टायरच्या दुकानात हवा भरायचा पंप सुरू झाला आणि थांबला. आमच्या संस्थांचं संकलन चालू होतं, अंबाबाई चालू होती, शेतकऱ्यांना संदेश जात होते. ऑफिसचा फोन गप्प होता. मग सारंगचा मोबाइल वाजला. त्यानं कापला. परत वाजला, परत कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा साहेब म्हणाले, "घे की. कुणाचं तरी अडलं असेल."

तो उठून बाहेर गॅलरीत गेला. दार ओढून घेतलं, पण खिडकी उघडीच होती. हळू आवाजात तो म्हणाला, "गवळ्यांना जरा थांबवा. वजनं कागदावर लिहून घ्या. पाच मिनिटांत चालू करतो."

साहेब उठले. अंगानं थोराड माणूस, पण चालले अगदी सावकाश. गॅलरीत जाऊन त्यांनी सारंगच्या कानाजवळून फोन काढून घेतला आणि कोण बोलतंय म्हणून विचारलं. पलीकडचा माणूस शेजारच्या जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेचा सचिव होता. तो सरळ मनानं सगळं बोलला. त्यांच्याकडं सारंगसाहेबांचं सॉफ्टवेअर आहे, वर्ष झालं, आजूबाजूच्या बऱ्याच संस्थांनीही घेतलंय, फार चांगलं आहे, आजच कसं बंद पडलं. साहेबांनी ऐकून घेतलं. आमचंच सॉफ्टवेअर, आमच्याच भाड्याच्या यंत्रावर, आणि पैसे सारंगच्या खात्यात. फोन परत त्याच्या हातात देताना ते एवढंच म्हणाले, "त्यांचं दूध नासेल. आजच्या दिवस आम्ही चालू करून देतो. तू टेबल रिकामं कर."

प्रणालीनं यंत्र पुन्हा चालू केलं. सारंग खोलीत येऊन आपली बॅग भरायला लागला. साहेबांकडं त्यानं बघितलं नाही, प्रणालीकडंही नाही. मी त्याच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले. मला त्याला पुष्कळ विचारायचं होतं. चोरी का केलीस, हे त्यातलं शेवटचं होतं.

"दुसरं नाव सापडलं नाही का रे तुला?"

तो चार्जरची वायर गुंडाळत होता. ती गुंडाळून त्यानं बॅगेत टाकली.

"दुसरं कुठलंही नाव दिलं असतं तर तुम्ही पहिल्याच महिन्यात त्यावर बोट ठेवलं असतं, ताई."

"आणि पेढे?"

"शर्वाणी खरंच बोलली होती," तो म्हणाला. "ते खोटं नव्हतं."

बॅग खांद्याला लावून तो जिना उतरला. सवयीनं, निघताना माझ्या पायांकडं वाकायला लागला होता. मध्येच सावरला.

प्रणाली राहिली. पुढं तिनंच सगळी यंत्रं सांभाळली, लग्नही आपल्या मनानं, आपल्याला हवं तेव्हा केलं. सारंग का गेला ते ऑफिसात आणि गल्लीत सगळे मला विचारत. मी म्हणायची, मला काही बोलायचं नाही. चातुर्मास संपला तरी मी तेच म्हणत राहिले.

पुढच्या महिन्याचं बिल खाली आलं. साहेब खूश झाले. पण सकाळी खर्चाचं पान उघडलं की तळाशी ती ओळ दिसायचीच. यंत्र कायमचं बंद झालं होतं, तरी त्याच्यातली साठवण पुरावा म्हणून ठेवली होती आणि तिचं किरकोळ भाडं चालू होतं. माझ्या देवाचं नाव आणि त्यापुढं थोडेसे पैसे. रोज. सहस्रनामात नारसिंहवपु हा शब्द आला की मला तो आलेख दिसायला लागला, सकाळी उंचवटा आणि संध्याकाळी उंचवटा. मी परत पहिल्यापासून सुरू करायची.

वकिलाचं काम उरकल्यावर प्रणालीनं विचारलं, आता पुसून टाकू का? मी म्हटलं, पूस, पण आधी नाव काढ. देवाचं नाव असताना पुसू नकोस.

"मग काय लिहू? सारंग लिहू?"

मनातलं बोलले असते तर त्या क्षणी नेम मोडला असता, इतकं तोंडापर्यंत आलं होतं.

"काही लिहू नकोस. रिकामं ठेव आणि पूस."

त्या शनिवारी पहाटे देवापुढं बसले. उपास सोडून द्यावा असं आठवडाभर मनात होतं. पळी हातात घेतली, संकल्प म्हणायला लागले आणि इतक्या दिवसांच्या सवयीनं "सारंगच्या" एवढं तोंडून निघालं. तिथंच थांबले. पळीतलं पाणी ताम्हनात सोडलं, पुन्हा नवं घेतलं.

"शर्वाणीला," मी म्हटलं, "चांगलं बोलता येऊ दे."

आता ती पोर कॉलेजात असेल. शनिवार अजून चालू आहेत. भाऊबीजेचा पाट मी त्या दिवाळीला माळ्यावर टाकला, तो मात्र परत खाली काढला नाही.